टॉर्क कन्व्हर्टरची निवड : ताकद वाढवलेल्या डिझेल पिकअपसाठी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वाहनात एंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणारे यंत्र म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. एंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल टर्बाइनवर फेकतो. परतणाऱ्या तेलाला मधला स्टेटर वळवतो, त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क वाढून मिळतो. पुढे वेग जुळले की लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि तेलातली घसरण संपते.

मूळ कन्व्हर्टर कोठे कमी पडतो, हे अमेरिकेतील डॉज रॅमच्या ५.९ लिटर कमिन्स डिझेलवर स्पष्ट दिसते. १९८९ मध्ये ही जोडी आली तेव्हा तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लॉकअपच नव्हते. २००३ पासूनच्या ४८आरई गिअरबॉक्समध्ये ते आहे, पण घर्षणचकती एकच. हे एंजिन २००४ च्या मध्यापासून १,६०० फेऱ्यांना ६०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ८१३ न्यूटन-मीटर टॉर्क देऊ लागले. इंधनाचे प्रमाण वाढवून त्यावर आणखी भर घातली की ती चकती सुटते. वरच्या गिअरमध्ये चढावर पाय दाबावा, फेऱ्यांचा काटा चढतो आणि गाडीचा वेग तिथेच राहतो. तेल काळपट होऊन जळका वास येऊ लागतो. अशा गाडीला पहिली गरज तीन चकत्यांच्या लॉकअपची असते. दाबाखाली न फुगणारे, अखंड पोलादातून कापलेले पुढचे झाकणही त्याबरोबरच घ्यावे.

स्टॉल स्पीडचा विचार त्यानंतरचा, आणि खरी गफलत इथेच होते. टर्बाइन थांबलेले असताना पूर्ण थ्रॉटलला एंजिन जेवढ्या फेऱ्यांवर अडते, तो स्टॉल स्पीड. कन्व्हर्टर तोच असला, तरी हा आकडा एंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. १,८०० ला अडणाऱ्या एंजिनाचा टॉर्क १.४४ पट केला, तर ते २,१६० च्या आसपास अडेल. म्हणून विक्रेत्याने सांगितलेला आकडा कोणत्या एंजिनावरचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शर्यतीच्या पेट्रोल गाड्यांना शोभणारा उंच स्टॉल इथे घातकच ठरतो. या डिझेलचा कामाचा पट्टा ३,००० फेऱ्यांच्या आसपास संपतो. त्यातला मोठा भाग घसरणीत गेला तर तेल तापते आणि डिझेल वाया जाते. ट्रेलर ओढणाऱ्याने कमी स्टॉलच घ्यावा. मोठा टर्बो बसवला असेल, तर मात्र फार कमी स्टॉलने एंजिन दबते, धूर सुटतो आणि टर्बोला वेग धरता येत नाही. तिथे काही शे फेऱ्या वर जाणे योग्य.

लॉकअप पक्के झाले की ताण पुढच्या भागावर जातो, आणि मूळ इनपुट शाफ्ट तुटू शकतो. तोही त्याच वेळी मजबूत घेणे शहाणपणाचे. व्हॉल्व्ह बॉडीतील तेलदाबही तेव्हाच वाढवून घ्यावा. जुना क्लच जळाला असेल, तर कूलर आणि नळ्यांतला कीस धुऊन काढावा. बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात शेवटपर्यंत गेला आहे ना, ते हाताने फिरवून पाहावे. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टांनी ओढून घेतला की पंप फुटतो.