यःकश्चित म्हणजे जो कोणी

माउली, “आम्ही आपले यःकश्चित,” असे आपण सहज बोलून जातो. क्षुल्लक, नगण्य, ज्याला कोणी विचारीत नाही असा, हा त्याचा मराठीतला अर्थ. पण शब्द मूळचा संस्कृत, आणि तिथे त्याला हीनपणाचा वासही नाही. यः म्हणजे जो, कश्चित् म्हणजे कोणी एक. दोन्ही मिळून ‘जो कोणी’. ‘जो कोणी असे करील’ म्हटले की त्यात राजाही आला आणि रंकही.

मग या ‘जो कोणी’चा ‘नगण्य’ कसा झाला? ज्याचे नाव-कूळ सांगण्याची गरज वाटत नाही, तो जो कोणी. आणि ज्याचे नाव सांगण्याची गरज नाही, त्याला किंमतही नाही, असे जग धरून चालते. ‘कोणीही उठतो आणि बोलतो’ म्हणताना आपण तेच करतो.

आता संतांची मांदियाळी पाहा. अरणचे सावतोबा मळा राखणारे, तेरचे गोरोबा माती तुडवणारे, जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या. जगाच्या लेखी सारे यःकश्चित. पांडुरंगाच्या दारी ते मूळ अर्थाने ‘जो कोणी’ म्हणून आले, आणि त्यांची नावे आज आपल्या जिभेवर आहेत.

मंगळवेढ्याच्या चोखोबांना मात्र देवळात पाऊल टाकता आले नाही. गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. समाधी दारापर्यंत आली, पण दार उघडायला शतके लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, त्यानंतर ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले. हे उणे आपल्याच घरचे आहे, ते विसरू नये.

म्हणून एवढे जपावे. स्वतःला यःकश्चित म्हणणे ही नम्रता. तोच शब्द दुसऱ्याला लावला की अहंकार. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात-कूळ विचारीत नाही. पण मुक्काम हलल्यावर मागे राहून तळ झाडणाऱ्याच्या पाया पडतो का? त्याचे नाव तरी विचारतो का? यंदा विचारून पाहा, माउली.

रामकृष्ण हरि!