स्क्रोल लॉक : तक्ता सरकवणाऱ्या कळीची कुळकथा

संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने यांच्या जाळ्यात, बाणाची कळ दाबली असता दोनपैकी एक गोष्ट घडते : एक तर निवड शेजारच्या चौकटीवर जाते, नाही तर निवड आहे तिथेच राहून सगळा तक्ता पडद्यावर सरकतो. हा निवाडा करणारी कळ म्हणजे स्क्रोल लॉक. कागदी खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला अशा कळीची गरज नव्हती, कारण त्याचा एक हात लेखणी धरत असे आणि दुसरा पाने उलटत असे. पडद्याने ही दोन्ही कामे एकाच बाणावर सोपवली आणि तिथूनच या कळीची कथा सुरू होते.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा व्हिजिकॅल्क हा 63 रकाने व 254 ओळींचा तक्ता 1979 मध्ये ॲपल टू या संगणकासाठी विक्रीस आला, तेव्हा त्या संगणकाच्या कळफलकावर डावा आणि उजवा असे दोनच बाण होते. त्यामुळे वर-खाली जायचे असल्यास आधी स्पेसबार दाबून बाणांची दिशा बदलावी लागे. एकाच कळीला प्रसंगानुसार वेगळा अर्थ देण्याची युक्ती अशी तक्त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या 83 कळींच्या कळफलकावर चारही बाण होते, मात्र ते अंकांच्याच कळींवर कोरलेले असल्याने अंक हवा की बाण हे नम लॉक ठरवत असे. त्याच कळफलकावर स्क्रोल लॉक ही कळ होती आणि बाणांनी कर्सर न हलवता मजकूरच सरकवावा, हा तिचा हेतू होता. संगणक या कळीची केवळ चालू-बंद अवस्था लक्षात ठेवत असे. त्या अवस्थेचा अर्थ लावणे प्रत्येक प्रोग्रॅमवर सोडलेले होते. बहुतेक प्रोग्रॅमनी तो लावलाच नाही, परंतु जानेवारी 1983 मध्ये आलेल्या लोटस 1-2-3 या तक्त्याच्या प्रोग्रॅमने तो लावला आणि पुढे एक्सेलनेही ती रीत पाळली. जुन्या लोटस वापरणाऱ्यांचा हात अडू नये म्हणून एक्सेलच्या सेटिंगमध्ये लोटसच्या पद्धतीने फिरण्याचा वेगळा पर्यायही ठेवलेला आहे.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे लोणी येथे घातला गेला आणि हिवरे बाजारमध्ये जिथे पावसाच्या पाण्याचाही ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिशेबाला मोठा मान आहे. म्हणूनच या कळीचे अज्ञान तेथे महाग पडू शकते. उदाहरणार्थ, दूध संकलनाच्या तक्त्यात सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक), दर आणि रक्कम असे रकाने असतात. समजा, सातव्या ओळीतील फॅटची चौकट निवडलेली असताना स्क्रोल लॉक नकळत चालू झाले, तर खालचा बाण दाबताच ओळी वर सरकू लागतात आणि ती चौकट पडद्याआड जाते, तरी डाव्या कोपऱ्यात पत्ता मात्र सातव्या ओळीचाच दिसत राहतो. आपण विसाव्या सभासदापाशी पोचलो या समजुतीने आकडा टंकला, तर तो सातव्याच्या फॅटवर चढतो; आणि रक्कम सूत्राने निघत असल्यास सातव्याचे पैसे बदलतात, विसाव्याची नोंद राहून जाते.

यावर उपाय सोपा आहे : तक्त्याच्या तळाच्या पट्टीवर स्क्रोल लॉक ही अक्षरे दिसत असल्यास ती कळ पुन्हा एकदा दाबावी, आणि लॅपटॉपवर ती नसल्यास विंडोजचा पडद्यावरील कळफलक उघडून त्यातली दाबावी. आजच्या एक्सेलचा तक्ता 10,48,576 ओळींचा झाला असून माउसचे चाक आल्यापासून तो सरकवण्यासाठी या कळीची गरज क्वचितच भासते. तरीही लेखणीचा हात कोणता आणि पान उलटणारा कोणता हा खतावणीतला भेद तिच्यात टिकून आहे, आणि ज्याला तो उमगतो त्याच्या हातून एका सभासदाचे दूध दुसऱ्याच्या नावे पडत नाही.