रानपिंगळ्याची चिठ्ठी

शाळांना सुट्टी लागली की लंडनच्या मराठी घरांत एक बेत हमखास ठरतो: साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम. १८८१ साली उघडलेली ती देखणी इमारत, मधल्या दालनात टांगलेला २५ मीटर लांब निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि डायनोसॉर बघायला लागलेली रांग तुमच्या ओळखीची असेल. पण या संग्रहालयाचं आपल्या खानदेशाशीही नातं आहे, ते ठाऊक आहे का?

रानपिंगळा म्हणजे साळुंकीएवढं छोटं घुबड. १८७३ साली ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे मुंबई इलाख्यातले अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू गायबच झाला. अपवाद एकच. कर्नल माइनर्टझहागन यांच्या संग्रहातल्या नमुन्यावर चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात.

हा संग्रह कर्नलसाहेबांनी याच संग्रहालयाला दिला होता. संग्रहालयाचे पक्षी आता लंडनबाहेर ट्रिंग गावी ठेवलेले असतात. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. त्याचे क्ष-किरण फोटो काढले. जुना कापूस आणि टाके काढून तो नव्याने भरला होता, तरी डेव्हिडसन यांच्या हातच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे संग्रहालयातलाच नमुना चोरून, खोटी चिठ्ठी बांधून, पुन्हा संग्रहालयालाच भेट दिलेला!

मांडवीची चिठ्ठी खोटी ठरली, तेव्हा शोधायचं कुठे? जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या सांगत होत्या तिथे. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या जंगलात पोहोचले, आणि एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटातही सापडला. आजही तो दुर्मीळ आहे आणि त्याचं जंगल तुटतंच आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला मुलांना घेऊन जाल, तेव्हा काचेआडच्या प्राण्याबरोबर त्याखालची छोटी पाटीही वाचायला सांगा. कुठे सापडला, कधी, कोणाला? प्राणी पेंढा भरून शंभर वर्षं टिकवता येतो, पण त्या दोन ओळी खोट्या निघाल्या, तर शोधणारे भलत्याच रानात फिरत राहतात.