अल्झायमर आणि मेंदूचे पहारेकरी : मायक्रोग्लिया पेशींची भूमिका

समजा, सोनारीत सगळी हयात घालवलेले आजोबा एक दिवस भैरवनाथाच्या मंदिरातून घरी येताना वाट चुकतात. तोच तोच प्रश्न पुन्हा विचारतात. आत्ता जेवलो हे त्यांना आठवत नाही. घरचे म्हणतात, "साठी बुद्धी नाठी, वयोमानाने व्हायचंच." पण रोजची वाट विसरणे हे म्हातारपणाचे लक्षण नाही. तो मेंदूचा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी व्हायला हवी. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. या आजारात मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींचा काय संबंध असतो आणि त्यातून घरच्यांनी काय लक्षात ठेवायचे, ते या लेखात समजून घेऊ.

मायक्रोग्लिया म्हणजे काय?

शरीरात जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. मेंदूला मात्र स्वतःचे वेगळे पहारेकरी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशींची वेगळी ओळख पटवली. मेंदूतील साधारण ५ ते १० टक्के पेशी या प्रकारच्या असतात. बाळ आईच्या पोटात असतानाच त्या मेंदूत पोहोचतात आणि पुढे तिथेच आपली संख्या टिकवून ठेवतात.

त्यांची कामे अशी :

- आपल्या बारीक फांद्या सतत हलवत आजूबाजूच्या भागाची पाहणी करणे.
- मेलेल्या पेशी, निकामी प्रथिने आणि जंतू गिळून टाकणे.
- चेतापेशींमधील नको असलेले जोड काढून टाकणे.
- इजा झाल्यास इतर पेशींना रासायनिक संदेश पाठवणे.

अल्झायमरमध्ये काय बिघडते?

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका महिला रुग्णाच्या मेंदूची तपासणी मांडली. त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साठलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. या गुठळ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो, हे आज आपल्याला माहीत आहे. विसरभोळेपणा दिसू लागण्याच्या साधारण १५ ते २० वर्षे आधीपासून अमायलॉइड साठायला सुरुवात झालेली असते.

सुरुवातीला मायक्रोग्लिया आपले काम चोख करतात. गुठळीभोवती गोळा होऊन ती गिळण्याचा प्रयत्न करतात आणि तिच्याभोवती कडे करून शेजारच्या चेतापेशींना वाचवतात. पण कचरा येतच राहतो. वय वाढते तशी या पेशींची सफाईची ताकद कमी होते. मग त्या कायम चिडलेल्या अवस्थेत राहतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात. प्राण्यांवरील संशोधनात असेही दिसले आहे की अशा वेळी त्या चेतापेशींमधील चांगले जोडही गिळू लागतात. आठवणी याच जोडांवर टिकून असतात.

म्हणजे याच पेशी आधी राखण करतात आणि पुढे नुकसानही करतात. त्यामुळे त्यांना सरसकट बंद करणे हा उपाय ठरत नाही.

हे आनुवंशिक आहे का?

ट्रेम-२ नावाच्या जनुकाचा उपयोग मायक्रोग्लियांना कचरा ओळखण्यासाठी होतो. या जनुकातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका साधारण दोन ते चार पट वाढतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. या आजारात रोगप्रतिकारक पेशी केवळ बघ्याच्या भूमिकेत नसतात, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार त्यापेक्षा बराच जास्त लोकांत आढळतो आणि तोही धोका वाढवतो. पण असा जनुक असला म्हणजे आजार होणारच असे नाही, आणि नसला म्हणजे होणार नाही असेही नाही. बहुतेक कुटुंबांना जनुक तपासणीची गरज नसते.

मग सूज कमी करणाऱ्या गोळ्या द्यायच्या का?

नाही. मेंदूत दाह असतो, मग दुखण्याच्या गोळ्या रोज दिल्या तर फायदा होईल, असा विचार शास्त्रज्ञांनीही केला होता. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. अल्झायमर टाळण्यासाठी त्यांचा उपयोग झाला नाही. ज्येष्ठांमध्ये अशा गोळ्या रोज घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा, मूत्रपिंड बिघडण्याचा आणि रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. स्टिरॉइड किंवा 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' महागडी चूर्णेही या कारणासाठी देऊ नका. जेवणातली हळद खुशाल चालू द्या, पण ती अल्झायमरचे औषध नाही.

नवी औषधे काय करतात?

लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही शिरेतून दिली जाणारी औषधे अमायलॉइडला चिकटतात. त्यामुळे मायक्रोग्लियांना ते ओळखून साफ करणे सोपे जाते. लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. आजार बरा मात्र झाला नाही. ही औषधे फक्त सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी पडतात, खर्चिक आहेत आणि त्यांनी मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. ट्रेम-२ ला चालना देणाऱ्या एका औषधाची चाचणी २०२४ मध्ये अपयशी ठरली, तरी या दिशेने संशोधन सुरू आहे.

अचानक बिघडले तर : सर्वांत महत्त्वाचे

अल्झायमर महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. कालपर्यंत ठीक असलेल्या आजी दोन दिवसांत बरळू लागल्या, माणसे ओळखेनाशा झाल्या, फार झोपू लागल्या किंवा रात्रभर अस्वस्थ राहिल्या, तर तो आजार 'वाढला' असे समजून घरी थांबू नका. गावाकडे याला 'वात झाला' म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात.

आधीच चिडलेल्या मायक्रोग्लिया शरीरातल्या इतर संसर्गालाही जोरदार प्रतिसाद देतात, असे मानले जाते. म्हणून लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, चिघळलेली जखम, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा एखादे नवे औषध एवढेही कारण पुरते. वृद्धांना अशा वेळी ताप येईलच असे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कारणावर वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा माणूस पुष्कळ सावरतो. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे असे काही दिसल्यास तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ वर फोन करा.

घरी काय करता येईल?

२०२४ च्या लॅन्सेट आयोगानुसार, टाळता येण्याजोगी १४ कारणे हाताळली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. आपल्या हातात असलेल्या काही गोष्टी :

- रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा.
- ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. गरज असल्यास श्रवणयंत्र वापरा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नका.
- बिडी-सिगारेट आणि दारू बंद करा. घरातला धूर कमी करा.
- रोज चालणे, शेतातली झेपतील ती हलकी कामे, भजन, पारावरच्या गप्पा चालू ठेवा. माणूस एकटा पडू देऊ नका.
- फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा.

तपासणी कुठे करायची?

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळले. त्यामुळे 'हा शहरातला आजार' असे समजू नका.

पहिली तपासणी जवळच्या सरकारी रुग्णालयातील फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञही करू शकतात. सोनारी-परंडा भागातील लोकांना पुढील तपासणीसाठी धाराशिव किंवा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी ही कारणे तपासून घेणे गरजेचे आहे. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे आणि कधीपासून काय बदलले याची लेखी नोंद सोबत न्या.

सांभाळ करणाऱ्या सुनेला, मुलीला किंवा पत्नीलाही आधार लागतो. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी, तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर इतर मदतीसाठी मोफत बोलता येते.

आजी-आजोबा मुद्दाम विसरत नाहीत. त्यांच्यावर चिडण्याऐवजी त्यांना वेळेत डॉक्टरांकडे न्या.