युद्धनिधी आणि रायपूरचे वामनराव लाखे

सरकारी चाकरीत आयुष्य घालविलेल्या मराठी माणसास निधीसंकलन आणि संचलन ही दोन्ही प्रकरणे चांगलीच परिचयाची असतात. देणगी ऐच्छिक म्हणावयाची. परंतु मागणारा अंमलदार आणि देणारा रयत असला, म्हणजे त्या इच्छेला कितीसा अर्थ उरतो? दोन महायुद्धांत हा प्रश्न रायपुरासही पडला, आणि तेथील एका मराठी गृहस्थाने त्याचे उत्तर आपल्या आचरणाने दिले.

वामनराव लाखे यांचा जन्म १८७२ साली रायपुरात झाला. पेशाने ते वकील. १९१३ साली त्यांनी तेथे सहकारी बँक उभी केली. शेतकऱ्याचा पैसा त्याच्याच विश्वासाने जमवावा आणि त्याच्याच गरजेस लावावा, ही त्यांची रीत. १९१६ साली, ऐन युद्धात, सरकारने त्यांस ‘रायसाहेब’ केले.

पुढल्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड देऊ केले आणि युद्धकर्जाची मोहीम देशभर सुरू झाली. देण्यास लोकांची ना नव्हती. देणाऱ्यास हक्क काय, एवढेच ते विचारीत होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांस अडविले. १९२० साली लाख्यांनी आपली पदवी सरकारास परत केली.

१९३९ साली हिंदी जनतेस न विचारताच दुसरे युद्ध तिच्या माथी मारले गेले. रायपूरचेच पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात गव्हर्नरची राजवट आली. १९४० साली संरक्षण कर्जे निघाली. त्यांत बिनव्याजी रोखेही होते. १९४२ साली ‘नॅशनल वॉर फ्रंट’च्या प्रचाराची त्यांत भर पडली.

याच प्रांतातील पवनार येथे १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. ‘ना एक पाई, ना एक भाई’ ही घोषणा गावोगाव पोचली. या सत्याग्रहात बँड नव्हता, निशाणांची रांग नव्हती. एकेका माणसाने पुढे यावे, युद्धास साह्य न करण्याचे बोल उच्चारावे आणि तुरुंगात जावे, एवढेच. १९४१ साली सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या लाख्यांनी सिमगा येथे हा सत्याग्रह केला व चार महिन्यांची शिक्षा भोगली. ज्याने जन्मभर लोकांकडून पैसा गोळा केला, त्याने या निधीस मात्र नकार दिला.

त्यास कृपणता म्हणता येणार नाही. १९६२ साली चीनचे आक्रमण होताच याच देशातील स्त्रियांनी राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने उतरवून दिले. आता मागणारे सरकार लोकांनीच निवडलेले होते.

ते पाहावयास लाखे नव्हते. १९४८ साली ते निवर्तले. रायपुरात आज लाखेनगर आहे. बदलीच्या निमित्ताने तिकडे जाणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने, पुढल्या निधीची यादी हाती घेण्यापूर्वी, त्या नावाची एकवार आठवण करावी.