दोष आईचा नव्हता

अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, रोजचा क्रम जरा बदलला की बिथरत. या अवस्थेला आपण स्वमग्नता म्हणतो. ती जन्मजात असावी, असे कॅनर यांनी तेव्हाच म्हटले होते. पण या मुलांच्या आईवडिलांत मायेचा ओलावा कमी दिसतो, असेही त्यांनी नोंदवले. १९४९ मध्ये तर त्यांनी अशा घरांना फ्रिजची उपमा दिली. पुढे 'फ्रिजसारखी थंड आई' हेच कारण म्हणून रूढ झाले.

कारण ठरले की उपचारही त्यावरूनच ठरतात. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम स्वतः नाझी छळछावणीत राहिलेले. तिथल्या कैद्यांसारखेच हे मूल मनाने मिटले आहे, असे त्यांना वाटे. म्हणून मुलाला घरापासून दूर, निवासी शाळेत ठेवायचे! १९६७ साली आलेले त्यांचे पुस्तक खूप गाजले.

यात चूक कोठे होती? दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. हाक मारूनही न वळणाऱ्या मुलापुढे आईच हळूहळू अबोल झाली असेल तर? मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्याच आईवडिलांची इतर मुले बहुधा स्वमग्न नसतात, याकडे त्यांनी १९६४ मध्ये लक्ष वेधले.

१९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. एकबीज जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. द्विबीज जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. जुळ्यांना आई एकच, घर एकच. मग हा फरक आईमुळे कसा पडेल? एकबीज जुळ्यांची जनुके मात्र जवळजवळ सारखी असतात. उरलेल्या ७ जोड्या पाहता जनुके हेच सर्वस्व नाही, हेही दिसते. नमुना लहान होता. पण आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे पुढील मोठ्या अभ्यासांनी पक्के केले.

कॅनर यांनी १९६९ मध्येच पालकांच्या एका मेळाव्यात त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले होते.

शिकागोतच शिकलेले एरिक शॉप्लर यांनी १९६० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात नेमकी उलटी वाट धरली. त्यांनी आईवडिलांनाच उपचारात भागीदार केले. एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेमागून पालक शिक्षकाचे काम पाहत आणि घरी तसेच करून पाहत. कामाची जागा ठरलेली, दिवसाचा क्रम चित्रांनी मांडलेला. कारण यांतील बऱ्याच मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर उमगते. १९७२ मध्ये त्या राज्याने हा 'टीच' कार्यक्रम कायद्याने स्वीकारला. यातून स्वमग्नता नाहीशी होत नाही, पण मुलाला दिवस समजू लागतो.

आपल्या वर्गात असे मूल आले की "घरी याच्याशी कोणी बोलत नाही का?" हा प्रश्न आपल्याही ओठांवर येतो. त्याऐवजी आपण आईला विचारू या: "हा कशात रमतो? कशाने बिथरतो? बिथरला की तुम्ही काय करता?" वर्गातली पहिली चित्रे तिच्या उत्तरांवरून काढता येतील.