दीक्षाभूमी (नागपूर)

दीक्षाभूमी : नागपुरातील श्रद्धानंदपेठ व लक्ष्मीनगरालगतचे मैदान आणि स्मारक. १९५६ साली ही शहराच्या कडेची मोकळी जागा होती. आज ती भर वस्तीत आहे.

पूर्वी हा परिसर लस-संस्थेचा (व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट). शेजारच्या आवाराला लोक अजूनही ‘माता कचेरी’ म्हणतात; माता म्हणजे देवीचा रोग. त्या काळी देवीची लस वासरांच्या कातडीवर तयार होई. जनावरे पाळून करायच्या या कामाला दाट वस्ती सोयीची नव्हती. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि या लसीची गरज संपली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व सविता आंबेडकर यांनी येथे कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः जनसमुदायाला दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, याच मैदानावर त्यांचे भाषण झाले. संयोजनाचा भार वामनराव गोडबोले यांनी वाहिला. तत्कालीन उपमहापौर सदानंद फुलझेले यांचे साहाय्य मोलाचे ठरले. उपस्थितांचे आकडे तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत दिले जातात. एवढा समुदाय सामावेल असे मोकळे मैदान मिळाले, हे या सोहळ्याच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही. त्यावेळी नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले.

पुढे ही जागा स्मारकासाठी मिळाली. १९६४ मध्ये याच आवारात डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले.

स्मारक म्हणून उभारलेल्या स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद शिवदान मल. घुमटाचा व्यास व उंची प्रत्येकी सुमारे १२० फूट. बांधणी सांचीच्या धर्तीवर, मात्र स्तूप आतून पोकळ आहे. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी लोकार्पण केले. आवारातील बोधिवृक्षाची रोपे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतून आणली.

या दीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी साजऱ्या होणाऱ्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी मैदानाचे मूळ मोल दिसते. पांढऱ्या वेशातली कुटुंबे वळकट्या घेऊन आदल्या रात्रीच येतात आणि उघड्यावरच पथारी पसरतात. भोजनदानाच्या रांगा लागतात, पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणूनच इथल्या प्रत्येक नव्या बांधकामाकडे अनुयायी बारकाईने पाहतात. आवारात सुरू झालेल्या भूमिगत वाहनतळाच्या खोदकामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. १ जुलै २०२४ रोजी आंदोलन पेटले, बांधकाम साहित्याची तोडफोड व जाळपोळ झाली, आणि शासनाने त्याच दिवशी कामाला स्थगिती दिली. वाहनतळाच्या योजनेविषयी मतभेद आहेत; मैदान मोकळे राहावे, हा आग्रह मात्र रास्तच आहे.

लगतची आरोग्य विभागाची व कापूस संशोधन संस्थेची जमीनही दीक्षाभूमीला जोडावी, अशी मागणी आहे.